आधी रबर, मग स्प्रिंग

प्रश्न : माझ्याकडे 1992 ची माझ्दा एमएक्स-5 आहे, 1.6 लिटरची. गाडी 1 लाख 10 हजार मैल चाललेली. स्पीड ब्रेकरवरून जाताना मागून टकटक ऐकू येते. जोरात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, आणि वळणात खड्डा आला की खालून सणसणीत दणका बसतो. यंदाच्या एमओटी तपासणीत (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी) मागच्या लोअर आर्मचे बुश फाटल्याचा शेरा आला. मित्र म्हणतो, सरळ कॉइलओव्हरचा (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या जोड्यांचा) सेट टाक, गाडी खालीही बसेल आणि सगळं एकदम मिटेल. बजेट 900 पौंड. काम घरीच करणार आहे. उन्हाळ्यात वेल्सच्या घाटांत गाडी न्यायची फार इच्छा आहे.
(एक वाचक, लेस्टर)

उत्तर : कॉइलओव्हर घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन बुशच्या वाटतात, आणि बुश फाटलेलेच ठेवून वर कितीही महाग स्प्रिंग बसवली तरी त्या तिथेच राहतील.

या गाडीच्या चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्ममध्ये धरलेलं. आर्म जिथे सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीला, जोडला जातो तिथे रबरचे बुश असतात. रबर धड असेल तर चाक वर-खाली जाताना ठरलेल्या रेषेतच जातं. ते फाटलं की ब्रेक लागताच आर्म मागे सरकतो आणि चाकाचं तोंड थोडं फिरतं. मागच्या चाकाचं तोंड असं फिरलं की गाडी पाठीमागून स्वतःच वळायला बघते. तुम्हाला जे ओढणं जाणवतंय त्याचं कारण बहुधा हेच. तरी ब्रेकचा कॅलिपर (पॅड आवळणारा भाग) अडकलेला नाही ना, हे आधी बघा. थोडं चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर दोष ब्रेकचा.

पैसे खर्च करण्याआधी टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाड्या वर्षाला थोड्याच चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर आणि रबर दगड झालेलं, असं सर्रास दिसतं. मूळ माप 185/60 आर 14 आणि हवा 26 पीएसआय. एवढ्या हलक्या गाडीत 32-34 भरून लोक सस्पेन्शनला शिव्या घालतात. त्यात सस्पेन्शन बिचारं काय करणार?

मग गाडी उचला. पुढे सबफ्रेमच्या आडव्या पट्टीखाली जॅक, मागे डिफरेन्शियलखाली, आणि एक्सल स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बॉल जॉइंटकडे (आर्म आणि चाकामधल्या गोलाकार सांध्याकडे) बघत बसवा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर पुढे ढिलेपणा दिसला तर टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकावरच्या सांध्यावर, संशय घ्या. मागची टकटक बऱ्याचदा अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) छोट्या लिंकची निघते, ती स्वस्तात बदलते. त्याच वेळी मागच्या चाकापुढचा सिलचा, म्हणजे दाराखालचा, पत्रा बोटांनी दाबून बघा. तिथे गंज लागून पत्रा कुरकुरत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी वेल्डिंग करून घ्या.

तुमचा दणका मात्र बुशचा नाही. शॉक ॲब्झॉर्बरच्या दांड्यावर पिवळसर फोमचा बंपस्टॉप असतो. बहुतेक जण ही वस्तू बघतही नाहीत, पण या गाडीत तिचं काम मोठं आहे. सस्पेन्शनला खाली जायला मुळातच जागा कमी, म्हणून वळणात आणि खड्ड्यात गाडी बंपस्टॉपवर टेकते आणि तो दुसऱ्या स्प्रिंगसारखा हळूहळू दाबला जातो. तीस वर्षांनी रबरी धूळकव्हर वर सरकवलं की आत फोम नसतोच, हातात भुगा येतो. मग लोखंडावर लोखंड आपटतं. आता विचार करा, मित्राचं ऐकून गाडी दीड-दोन इंच खाली बसवली तर उरलेली जागाही जाईल. स्वस्त सेट लावलेल्या गाड्या उभ्या असतानाच बंपस्टॉपवर टेकलेल्या मी पाहिल्या आहेत. दिसतात देखण्या, पण वेल्सच्या खडबडीत रस्त्यावर चालवणाऱ्याचे दात वाजतात.

तेव्हा खर्चाचा क्रम असा धरा. निम्म्याहून जास्त पैसे बुश, बॉल जॉइंट, लिंक आणि बोल्ट यांवर. उरलेल्या पैशांत चार चांगले शॉक, नवे बंपस्टॉप आणि वरचे माउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला जोडणारे भाग). शॉकमध्ये कोनी किंवा बिल्स्टीन जमले तर उत्तम. बिल्स्टीन या गाडीला परकेही नाहीत, अमेरिकेत विकलेल्या ‘आर’ पॅकेजमध्ये कारखान्यातूनच तेच येत. मूळ स्प्रिंग तुटलेली नसेल तर तीच राहू द्या. वरचे माउंट 1998 नंतरच्या दुसऱ्या पिढीचे बघा. ते थोड्या फेरफाराने तुमच्या गाडीत बसतात आणि सस्पेन्शनला हालचालीची जागा वाढवून देतात. माझ्या मते या गाडीतली सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

खरी परीक्षा आहे ती बोल्टची. लोअर आर्म ज्या बोल्टवर बसतात त्यांना मध्यापासून सरकलेली (एक्सेंट्रिक) चकती असते, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तिच्यानेच होतं. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ आत शिरून हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात, मागचे तर जास्तच. नट सुटतो, बोल्ट मात्र ढिम्म हलत नाही. म्हणून नवे बोल्ट आधीच मागवून ठेवा. आठवडाभर रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. तरी नाही निघाला तर हातोड्याने ठोकत बसू नका, सबफ्रेमचे कान वाकतात. बुश आणि सबफ्रेमच्या फटीतून रेसिप्रोकेटिंग सॉने (मागे-पुढे धावणाऱ्या विजेच्या करवतीने) बोल्ट दोन्हीकडून कापा. नवा बसवताना त्याला सढळ हाताने ग्रीस लावा.

स्प्रिंग काढताना एक लक्षात ठेवाच : कॉम्प्रेसरने स्प्रिंग पुरती आवळल्याशिवाय शॉकचा वरचा नट सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो. तेवढंही नको वाटलं तर चारही शॉक गॅरेजमध्ये नेऊन जुन्या स्प्रिंग नव्या शॉकवर चढवून आणा.

आणि ज्यासाठी मुळात हे उत्तर लिहितोय ते : रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना पक्के आवळू नका. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कडीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. आर्म लोंबकळत असताना आवळलात तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहील आणि नवे बुश बघता बघता फाटतील. आधी नुसते हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा. यासाठी चाकांखाली जाड लाकडी फळ्या किंवा रॅम्प लागेल. चांगल्या गॅरेजांतही घाईघाईत हे टाळलं जातं.

शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगा. रस्त्यासाठी पुढे साधारण उणे 1 अंश कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन), मागे त्याहून अर्धा अंश जास्त, पुढचा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळण्याचं माप) शून्य आणि मागचा किंचित आत.

2017 मध्ये माझ्दाने जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची सेवा जाहीर केली, तेव्हा मूळ मापाचे टायरसुद्धा ब्रिजस्टोनकडून पुन्हा बनवून घेतले. रुंद, चपटे टायर द्यायचा मोह त्यांनी टाळला. ही गाडी मऊपणातच चांगली चालते. वेल्सला जाऊन या, मग सांगा कॉइलओव्हरची गरज वाटली का.

प्रश्न : माझी एमएक्स-5 2001 ची आहे. बुश रबरचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : रोज चालवायची तर रबर. पॉली फाटत नाही, दाबून बसवायला प्रेसही लागत नाही, आणि तो नळीवर फिरत असल्याने लटकत्या गाडीतही आवळता येतो. पण ग्रीस सुकलं की करकर सुरू होते आणि रस्त्याचा प्रत्येक बारीक थरथराट सीटपर्यंत पोचतो. अँटी-रोल बारला मात्र पॉली खुशाल घाला. तुमच्या पिढीच्या गाडीत गंज पुढच्या चॅसी रेलमध्येही लागतो, तो आधी बघून घ्या.

प्रश्न : फियाट पॅलिओ 1.6 जीटीएक्स आहे, 2002 ची. पुढचा उजवा शॉक गळतोय. मेकॅनिक म्हणतो, एकच बदलून भागेल.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : भागणार नाही. पुढचे दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक थकलेला असला की ब्रेक लावताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या दबतात. 100 बीएचपीच्या, कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला तेवढा मान द्यायलाच हवा. स्ट्रट (शॉक-स्प्रिंगची जोडी) उतरवलाच आहे तर वरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंगही नवं टाका, मजुरी तीच लागते. लोअर आर्मचे बुश त्याच वेळी टॉमीने (लोखंडी पहारीने) उचकून बघा. भेग मोठी असेल तर आर्मच नवा घ्या. नंतर अलाइनमेंट करून घ्या, आणि जुने शॉक परत मागून घ्या म्हणजे खरंच बदलले की नाही ते कळेल.