एव्हरग्लेड्समध्ये मगरी सोडून बघण्यासारखं काय आहे? मायामीहून एक दिवस काढावा का?

तुम्ही विचारलंय की मायामीला भावाकडे येताय तर फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानासाठी आख्खा दिवस घालवावा का, की ती नुसती दलदल आणि मगरी आहेत. घालवा, नक्की घालवा, फक्त डिसेंबर ते एप्रिलमधला घालवा. मी बरीच वर्षं फ्लोरिडात राहते आणि पहिल्यांदा गेले ती जुलैत, घरी पाहुणे होते म्हणून. डासांनी गाडीतून उतरू दिलं नाही, चहूकडे पाणीच पाणी, त्यामुळे जनावरं सगळी पांगलेली, काहीच दिसलं नाही. मग एकदा मार्चमध्ये एकटीच गेले तर तीच जागा ओळखू येईना.

पहिली गोष्ट म्हणजे ती दलदल नाही, ती वाहती नदी आहे. ओकीचोबी तलावाच्या बाजूने पाणी दक्षिणेला समुद्राकडे सरकतं, पात्र मैलोन् मैल रुंद आणि खोली कुठे घोट्याएवढी कुठे गुडघ्याएवढी, उतार मैलाला जेमतेम दोन इंच. म्हणून ते वाहताना दिसतच नाही, दिसतं ते फक्त सॉग्रास. नाव ग्रास असलं तरी ते गवत नाही, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. एक पान टोकाकडून खाली बोटाने हळूच चाचपून बघा, कडेला करवतीसारखे बारीक दाते लागतात. हळूच म्हणतेय, ओढाल तर बोट कापेल.

आणि इथे सगळा खेळ इंचांचा आहे हे एकदा कळलं ना की मग प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागते. चुनखडीचा खडक दोन-तीन फूट वर आला की तिथे पाणी चढत नाही, तेवढ्यावर लगेच दाट रान उभं राहतं, त्याला हॅमक म्हणतात. आत महोगनी, आणि गंबो-लिंबो नावाचं झाड, ज्याची लालसर साल कागदासारखी सुटत असते. इथले लोक त्याला टुरिस्ट ट्री म्हणतात कारण उन्हात लाल होऊन साल निघालेली. मला ते बघितलं की सातपुड्यातली सालई आठवते, आणि खरंच ती दोन्ही एकाच कुळातली आहेत.

आता मगरी. तुम्ही त्या सोडून म्हणालात पण त्यांना सोडून हे रान समजणारच नाही. पाणी आटायला लागलं की अ‍ॅलिगेटर, म्हणजे इथली रुंद तोंडाची मगर, तोंडाने, पायांनी, शेपटीने चिखल उपसून खड्डा करतो नि साफ ठेवतो. आजूबाजूचं सगळं सुकलं तरी त्या खड्ड्यात पाणी राहतं, मग मासे, कासवं, पक्षी सगळे तिथेच गोळा होतात. तो त्यातले काही खातो हे खरं, पण उरलेले पुढचा पाऊस येईपर्यंत जगतात आणि पाणी चढलं की परत सगळीकडे पसरतात. एका जनावराच्या खड्ड्यावर एवढ्यांचा उन्हाळा निघतो, मला याचं फार अप्रूप वाटतं.

हे बघायला उद्यानातल्या रॉयल पाम या ठिकाणचा अ‍ॅनहिंगा ट्रेल, म्हणजे पायवाट. अ‍ॅनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाजाचा चुलतभाऊ. माझ्यासमोर हातभर अंतरावर एक पाण्यातून वर आला, चोचीत मासा आरपार घुसलेला, तो त्याने कठड्यावर आपटला, हवेत उडवला आणि डोक्याकडून गिळला, मानेतून मासा खाली सरकताना दिसत होता. मग पंख पसरून वाळवत बसला.

वूड स्टॉर्कही बघा, भिगवणच्या चित्रबलाकाचा सख्खा नातेवाईक. हा डोळ्यांनी शिकार शोधत नाही, उघडी चोच पाण्यात धरून चालतो आणि मासा लागला की पापणी लवायच्या आत मिटतो. म्हणजे त्याला मासे उथळ पाण्यात दाटीने हवेत. मधेच पाणी वाढलं की मासे पांगतात आणि तो घरटं पिल्लांसकट सोडून देतो. म्हणूनच १९२८ साली टामियामी ट्रेल हा रस्ता झाला आणि कालवे खणले गेले त्याने एवढं नुकसान झालं, रस्ता धरणासारखा आडवा पडला. आता तो तुकड्यातुकड्याने पुलावर उचलतायत, पहिला एक मैलाचा पूल २०१३ मध्ये झाला.

एक वाईट गोष्टही सांगते. पाळायला आणून सोडून दिलेले बर्मीज अजगर इथे माजलेत. २०१२ च्या एका अभ्यासात रस्त्यांवर रॅकून (मांजराएवढा, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला प्राणी) दिसायचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. अजगर स्वतः सहसा दिसत नाही, पण रात्री गाडी चालवताना रस्ता रिकामा असतो तो त्याच्यामुळे. मला त्या रिकामेपणाचा खरंच त्रास होतो.

पँथरची, म्हणजे इथल्या प्यूमाची, आशा धरू नका, फार थोडे उरलेत. त्यापेक्षा दुपारी रस्त्याच्या शेवटपर्यंत, फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणी जा, तिथे खाऱ्या पाण्यात क्रॉकोडाइल दिसू शकते, निमुळतं तोंड आणि तोंड मिटल्यावरही खालचा चौथा दात बाहेर. अ‍ॅलिगेटर आणि क्रॉकोडाइल दोन्ही रानात एकत्र राहतात अशी जगात हीच जागा. नशीब असेल तर धक्क्यापाशी मॅनटी, म्हणजे पाण्यात राहणारा मोठा शाकाहारी सस्तन प्राणी, तीही नाक वर काढते.

सकाळी लवकर पोचा, पाणी भरपूर घ्या. अ‍ॅलिगेटरपासून १५ फूट लांब राहा आणि त्याला खायला काहीही टाकू नका, फ्लोरिडात तो गुन्हा आहे. आणि रॉयल पामच्या पार्किंगमध्ये काळी गिधाडं गाडीचे वायपर, काचेभोवतीचं रबर ओरबाडतात, तिथे ताडपत्र्या ठेवलेल्या असतात, एक घेऊन गाडीवर नीट बांधा आणि मगच ट्रेलला लागा.