संहिता दाखवावी लागत नाही, पण पोस्टर आधी दाखवा

तुम्ही ठाण्यात एकांकिका करता, आता लाइपझिगला शिकायला निघालाय, आणि विचारलंय की तिथे संहिता कुणालाही न दाखवता हवं ते नाटक करता येतं का. मी नौपाड्यातली, गडकरी रंगायतनमध्ये प्रयोग बघत वाढलेली. नऊ वर्षं जर्मनीत आहे, इथे मराठी नाटकं बसवते.

संहिता दाखवावी लागत नाही, हे खरं. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी मिळवायचं असतं. त्या नियमांविरुद्ध अमोल पालेकर २०१६ साली उच्च न्यायालयात गेले होते. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत, पाचव्या कलमात, सेन्सॉरशिप नाही आणि कला मुक्त आहे, असं सरळ लिहिलंय. पहिल्या प्रयोगाआधी मी सवयीने हॉलच्या बाईंना विचारलं, संहिता कुठे जमा करू? त्यांना प्रश्नच कळेना. त्यांना हवा होता पडद्याचं कापड सहज पेट घेत नाही याचा दाखला. एकेका शब्दासाठी हेलपाटे घातलेत मी. त्या रात्री घरी येऊन रडले.

पण इथे काहीच आडवं येत नाही, असं समजू नका. इथल्या दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे नाझी चिन्हं जाहीरपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होतो. कलेला आणि शिक्षणाला सूट आहे. आमच्या नाटकात लक्ष्मीपूजन होतं. रांगोळीच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, चार ठिपक्यांसकट. प्रकाशयोजना करणारा जर्मन मुलगा शिडीवरून खाली उतरला आणि म्हणाला, यावर मी दिवा टाकणार नाही. दोन तास बोललो. आजी उंबऱ्यावर स्वस्तिक काढायची ते मी सांगितलं, त्याने त्याच्या गावात युद्धाआधी कोण राहायचं आणि नंतर कोण उरलं नाही ते सांगितलं. शेवटी त्याने दिवा लावला, आणि फार सुंदर लावला.

पोस्टरवरून मात्र स्वस्तिक मीच काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. रंगमंचावर त्या चिन्हाभोवती घर असतं, समया असतात, माणसं असतात. रस्त्यावरच्या भिंतीवर ते एकटं पडतं, आणि समोरून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी काहीच समजावू शकत नाही. आजही मला ते बरोबर वाटतं.

दुसरी गोष्ट पैशाची. इथली बरीचशी रंगभूमी सरकारी अनुदानावर चालते, त्यामुळे वाद संहितेवर होत नाही, निधीवर होतो. २०२२ साली कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात तारिंग पाडी या इंडोनेशियन गटाचं भलंमोठं चित्र आधी काळ्या कापडाने झाकलं, मग उतरवलं. त्यात ज्यूद्वेषी आकृत्या होत्या. चित्र २००२ सालचं, इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो याच्या राजवटीबद्दलचं. त्या आकृत्यांचं समर्थन मी करणार नाही. पण आपल्या मातीतलं काही इथे आणताना ते इथल्या कुठल्या जखमेवर पडेल, हे आपणच आधी तपासायला हवं. इस्रायल-पॅलेस्टाइनवर काही करणार असाल तर करार करण्याआधी निधी कुणाचा, ते स्पष्ट विचारा.

देवाधर्माच्या निंदेबद्दल इथल्या दंडसंहितेचं कलम १६६ अजून आहे, पण सार्वजनिक शांतता बिघडण्याजोगं असेल तरच ते लागतं.

तुमच्या एकांकिकेत देव्हारा आहे असं लिहिलंयत. देव्हारा राहू द्या. फक्त पोस्टर छापायला देण्याआधी मला पाठवा.