'गोळ्या बंद करा' म्हणणारे सेवक आणि मंडळीचा विश्वास

सप्रेम सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. नवापूर तालुक्यातल्या तुमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) काही महिन्यांपासून बाहेरचे एक सेवक, म्हणजे उपदेशक, येतात. ते सांगतात की आजार अंगात राहतो तो विश्वास कमी पडतो म्हणून. सिकलसेल हा पूर्वजांचा शाप आहे, तो तुटायला 'विश्वासाचं बी' म्हणून खास दान टाकावं आणि गोळ्या बंद कराव्यात. तुमच्या भावानं मुलाच्या गोळ्या थांबवल्या आहेत. त्यांच्या प्रार्थनेनं काहींना खरंच बरं वाटलं, हेही तुम्ही लपवलेलं नाही. मंडळीचे पाळक (पास्टर) गप्प आहेत. तुम्ही काही विचारायला गेलात की 'अभिषिक्ताला हात लावू नका' हे वचन ऐकवलं जातं. ही खोटी शिकवण आहे का, ती ओळखायची कशी आणि मंडळी सोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी याच जिल्ह्यातल्या एका मंडळीत वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्यांपैकी एक, म्हणून सेवा करतो. पण शिकवणीचं नंतर बोलू. आधी मुलाचं.

भावाला आजच सांगा की पोराला डॉक्टरकडे घेऊन जा आणि औषध परत सुरू करा. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून त्या भयंकर वेदना होतात. फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात. मुलाला ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, प्रार्थना सभा संपायची वाट बघायची नाही. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

हा आजार आईबापांकडून येतो, एवढं त्या सेवकांचं खरं आहे. दोघांकडून एकेक सदोष जनुक आला तर मूल आजारी पडतं; एकाकडूनच आला तर ते वाहक होतं, आजारी नसतं. सातपुड्याच्या पट्ट्यात, आपल्या आदिवासी घरांमध्ये याचं प्रमाण जास्त आहे. म्हणूनच 2023 पासून सरकारनं तपासणीची देशव्यापी मोहीम सुरू केली आणि 2047 पर्यंत हा आजार संपवायचं ठरवलं. यात शाप कुठून आला? योहान 9 मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून नेमका हाच प्रश्न विचारला होता: पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशूनं दोन्ही नाकारलं. बापानं आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा वापरू नका असं देवानं यहेज्केल 18 मध्ये बजावलंय. आजारी लेकराच्या आईला 'तुझ्या घराण्याचा शाप' असं सांगणारा माणूस ख्रिस्तानं दिलेलं उत्तर पुसून टाकतो आहे. माझ्या लेखी तुमच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो. ही शिकवण खोटी आहे.

आता ओळखायची कशी ते. मंडळीत येणारी खोटी शिकवण 'येशू खोटा आहे' असं म्हणत कधी येत नाही. तसं कुणी म्हणालं तर आपल्या आजीबाईसुद्धा त्याला दारातून परत पाठवतील. ती येशूचं नाव घेऊनच येते आणि त्याच्या शेजारी आणखी एक अट आणून ठेवते. गलतीयातल्या शिक्षकांनी ख्रिस्ताला नाकारलं नव्हतं. ते म्हणत होते, ख्रिस्त हवाच, पण सुंताही हवी. तेवढ्यावर प्रेषित पौलानं लिहिलं की स्वर्गातून देवदूत आला आणि वेगळी सुवार्ता सांगू लागला तरी तो शापित असो. म्हणून मी कुठलंही प्रवचन ऐकताना बघतो की वधस्तंभावर पुरं झालेलं काम इथं पुरं मानलंय की अर्धं, आणि उरलेलं अर्धं कुणाच्या खिशातून, कुणाच्या उपासातून, कुणाच्या हातच्या तेलातून भरायला सांगितलंय. दुसरं बघतो ते असं की आजारी माणूस बरा झाला नाही तर दोष कुणावर जातो. तुमच्या त्या सेवकांच्या शिकवणीत बरं झालं तर नाव त्यांचं होतं आणि बरं झालं नाही तर दोष पेशंटच्या विश्वासाचा ठरतो. अशी शिकवण सगळ्यात दुबळ्या माणसाच्या डोक्यावर धोंडा ठेवते. सुवार्ता धोंडा उतरवते.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नये, असं मी म्हणत नाही. याकोब 5 वाचा. वडिलांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा. आमच्या मंडळीतही करतो आणि देव बरं करतो हे मी पाहिलंय. पण ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत होते, त्याच पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा रस्ता धरला. एपफ्रदीत त्याच्याजवळ मरता मरता वाचला. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. लूक तर वैद्यच होता आणि पौल त्याला 'प्रिय' म्हणतो. यांतल्या कुणाच्या विश्वासाला त्यानं बोल लावला? आणि आपल्या भागाचंच बघा ना. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या ज्या लोकांनी पश्चिम खान्देशात सुवार्ता आणली, त्यांच्याच कामातून चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय उभं राहिलं. आपल्या आजोबा-पणजोबांना बायबल आणि औषध एकाच हातांनी मिळालं. त्या दोघांत भांडण लावणारी शिकवण आपल्या मंडळीची नाही.

"पण लोक बरे होतात त्याचं काय?" हा प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 13 वा अध्याय त्यासाठीच लिहिलाय. तिथं संदेष्ट्यानं सांगितलेली खूण खरी ठरते, तरीही देव म्हणतो की तो तुम्हाला दुसऱ्या देवांच्या मागे नेत असेल तर त्याचं ऐकू नका. चमत्कार झाला म्हणजे शिकवण खरी ठरली असं बायबल कुठंच म्हणत नाही. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या साक्षीवर शंका घेत बसू नका, त्यांच्याबरोबर देवाचे आभार माना. तपासायची ती शिकवण.

पैशाचं जरा सविस्तर सांगतो, कारण या एका गोष्टीवर मंडळी पूर्वी फार जागी असायची. 'बी पेरा' म्हणताना ते बहुतेक 2 करिंथ 9 वाचत असतील. तो आणि त्याआधीचा असे दोन्ही अध्याय घरी बसून वाचा. तिथली वर्गणी यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होती. गरिबांनी गरिबांना पाठवलेला पैसा होता तो, आणि पौलानं एकट्यानं त्याला हात लावला नाही. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं त्यानं सोबत घेतली. ते बी उपदेशकाच्या शेतात पेरलं जात नव्हतं. अलीशा संदेष्ट्यानं नामान सेनापतीचं कोड बरं केल्यावर त्याची एक भेटसुद्धा घेतली नाही. मागून पळत जाऊन पैसे आणि कपडे आणले ते अलीशाचा चाकर गेहजी यानं, आणि नामानाचं कोड गेहजीला लागलं.

आरंभीच्या मंडळीतली 'दिदाखे' नावाची एक छोटी नियमावली आहे. ती शेकडो वर्षं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, 1883 मध्ये छापली गेली. त्या काळीही संदेष्टे गावोगाव फिरत. नियमावली म्हणते की त्यांना प्रभूसारखं घरात घ्या. पण जो तीन दिवस राहिला तो खोटा संदेष्टा, जो निघताना भाकरीपलीकडे पैसे मागतो तो खोटा, आणि जो आत्म्यात येऊन 'मला पैसे द्या' म्हणतो त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नका. इतकं साधं होतं ते. आणि मार्सियनचं उदाहरण तर प्रत्येक पंच कमिटीत वाचून दाखवावं असं आहे. हा श्रीमंत माणूस रोमच्या मंडळीत आला तेव्हा त्यानं 2 लाख सेस्टर्स (रोमी नाणी) दान दिले. जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो शिकवू लागल्यावर सन 144 मध्ये मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्याचे सगळे पैसेही परत केले. आज आपल्या किती मंडळ्या हे करतील? पत्रे, माईक, खुर्च्या कुणी दिल्या यावर व्यासपीठ कुणाला मिळणार हे ठरत असेल, तर विश्वासाची राखण तिथेच संपली.

'अभिषिक्ताला हात लावू नका' हे स्तोत्र 105 मधलं. तिथं देव परक्या राजांना बजावतो आहे की अब्राहाम, इसहाक, याकोब यांना इजा करू नका. प्रवचनावर प्रश्न विचारू नका असं त्यात कुठंच नाही. दावीदानं शौलावर हात उचलला नाही, पण त्याच दिवशी सगळ्या सैन्यासमोर त्याला जाब विचारला. पुढे त्याच अभिषिक्त दावीदाला नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सुनावलं. अंत्युखियात पौलानं पेत्राला सर्वांदेखत चूक दाखवली. बिरुया गावातले लोक खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासून बघत, आणि लूक त्यासाठी त्यांना थोर मनाचे म्हणतो.

आमच्या महिला मंडळात एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांना वाचता येत नाही. कुणीही नवीन काही सांगितलं की त्या शांतपणे विचारतात, "भाऊ, हाई पुस्तकमा कोठे लिखेल शे?" मग पान उघडून पूर्ण अध्याय वाचायला लावतात. आमच्या मंडळीचं जेवढं रक्षण या बाईंनी केलंय तेवढं आमच्या कुठल्या ठरावानं केलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी साध्या मराठीतलं बायबल करण्यात आपली शेवटची वर्षं घातली, ते त्यांच्यामागे 1924 मध्ये पूर्ण छापून आलं. ते अशाच बायकांसाठी होतं. विश्वास जपायचा तर हेच काम आहे आणि ते रटाळ वाटलं तरी करायचं: एक पुस्तक घ्या, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा, मावचीत, कोकणीत, अहिराणीत, ज्या भाषेत लोकांना समजेल त्या भाषेत समजावून सांगा. मोबाईलवरच्या हिंदी संदेशांतून एकेक वचन तोडून ऐकणाऱ्या मंडळीला कुणीही कुठेही नेऊ शकतो. विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी ठरलेली वाक्यं, दर रविवारी म्हणता ना? त्यातलं एकेक वाक्य घेऊन तरुण संघात बसा. गाण्यांकडेही लक्ष ठेवा. ख्रिस्त निर्माण केलेला आहे ही एरियस नावाच्या शिक्षकाची शिकवण खलाशांच्या आणि चक्की चालवणाऱ्यांच्या तोंडी गाण्यांतून पसरली होती, आणि ती नाकारणाऱ्या सन 325 च्या निकियाच्या परिषदेनंतरही तो वाद कित्येक वर्षं धुमसत राहिला. आपले लोक प्रवचन विसरतात, गाणं विसरत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक मतभेद म्हणजे खोटी शिकवण नव्हे. उपासनेत ढोल वाजवावा का, हात वर करावेत का, अन्यभाषा, बाप्तिस्मा किती पाण्यात, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला जावं की नाही, यावरून आपल्याकडे मंडळ्या फुटल्यात. रोमकरांस 14 अशाच गोष्टींसाठी आहे. तिथं एकमेकांना तुच्छ मानू नका एवढंच सांगितलंय. ख्रिस्त कोण, त्यानं काय केलं, तारण कृपेनं की कमाईनं, इथं मात्र एक पाऊलही मागे घ्यायचं नाही.

आता मंडळीचं. लगेच सोडू नका. तुम्ही निघून गेलात तर भावाला, त्या मुलाला आणि वाचता न येणाऱ्यांना त्या सेवकांच्या हाती देऊन जाल. ते काय म्हणाले ते तारखेसह, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. ऐकीव गोष्टी घालू नका. मग एका शहाण्या माणसाला सोबत घेऊन पाळकांना घरी भेटा. ते गप्प आहेत ते कदाचित पटलंय म्हणून नसेल, लोक तुटतील या भीतीनं असेल. त्यांना एकटं वाटू देऊ नका. चुकीचं बोलणाऱ्यांना उत्तर देणं हे पाळकाचं काम आहे, हे तीताच्या पहिल्या अध्यायात आहे, ते त्यांच्याबरोबर बसून वाचा. शक्य असेल तर त्या सेवकांनाही आधी एकांतात भेटा. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्यानं अपुल्लो या उपदेशकाला घरी नेऊन नीट समजावलं आणि तो सुधारला. हेही सुधारतील अशी आशा ठेवूनच जा. नाही ऐकलं तर वडिलांच्या बैठकीत लेखी मांडा, मत्तय 18 च्या क्रमानं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मांडू नका, तिथं शिकवण बाजूला राहते आणि माणसं भांडतात.

आणि वडिलांनी सगळं ऐकून घेऊनही त्याच माणसाला व्यासपीठ दिलं, 'गोळ्या बंद करा' हेच चालू राहिलं, तर मग बाहेर पडा. रात्रीतून गुपचूप जाऊ नका. का जातोय ते पाळकांना स्पष्ट सांगून जा, आणि भावाच्या घरी जाणं-येणं मात्र तोडू नका.