‘रेल्वेत आहे’ एवढंच सांगतो

“मॅडम, काम वाईट नाही. पगारही वेळेवर होतो. पण कोणी विचारलं तर सांगायची लाज वाटते.”

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोरची माणसं बदलतात, वाक्य हेच असतं. कधी बी.कॉम. होऊन मॉलच्या दारावर उभा राहणारा गार्ड, कधी दवाखान्यात आयाचं काम करणारी ताई, कधी पदवी कपाटात ठेवून घरोघरी पार्सल पोचवणारा मुलगा. हल्ली तर आईवडीलच आधी येऊन बसतात. “कामाला जातो, पण घरात कोणाशी बोलत नाही. लग्नाचं नाव काढलं की उठून जातो.” हे इतक्यांदा ऐकलं की एका मुलाबरोबरचा अनुभव लिहावासा वाटला. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा काटोलकडचा, वय सत्तावीस. घरी संत्र्याचा बगीचा. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग काही वर्षं परीक्षा देत राहिला आणि अखेर रेल्वेच्या ‘ग्रुप डी’ मध्ये लागला. गावात पेढे वाटले गेले. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर ‘भारतीय रेल्वेत निवड’ असं मोठ्या अक्षरात होतं, पद लिहिलेलं नव्हतं. पद होतं ट्रॅक मेंटेनर. म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही आहे तो गँगमन.

माझ्याकडे आला तेव्हा त्याला कीमॅनची ड्युटी होती. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरव्या झेंड्या, पिशवीत धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. ठरलेल्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या ‘बीट’वर, रोज पायी जायचं, एका रुळाच्या बाजूने जाऊन दुसऱ्याच्या बाजूने परतायचं. वाटेत जे ढिलं असेल ते घट्ट करायचं.

मी सवयीने ‘तुम्ही’ म्हणत होते. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, तू म्हणा, तुम्ही म्हटलं की अजून लाज वाटते.”

“बरं. नातेवाइकांना काय सांगतोस?”

“रेल्वेत आहे, एवढंच सांगतो. पुढं विचारलं तर टेक्निकल म्हणतो.”

“आणि कामावर असताना?”

“दुपट्टा बांधून घेतो. डोळे तेवढे उघडे.”

नागपूरच्या उन्हात दुपट्टा कोण बांधत नाही! पण आमचं हे बोलणं डिसेंबरातलं. “थंडीतही?”

“हो. गाडीत कोणी ओळखीचं असलं तर?”

“एवढ्या वेगात जाणाऱ्या गाडीतून कोण ओळखणार तुला?”

“कोणीच नाही. तरी बांधतो.”

मी त्याला समजवायला गेले नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य फार मोघम असतं, त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही. अशा वेळी मी एकच करते, लोकांची नावं विचारते. त्याने दोन नावं पटकन सांगितली, मामा आणि पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ. मग बराच वेळ थांबला.

“आणि मी मॅडम. पॉलिटेक्निकला असताना आम्ही रोज पॅसेंजरनं यायचो. रुळावर गँगमन दिसले की आम्ही पोट्टे खिडकीतून ओरडायचो. ‘शिकला नाही तर हेच करशील’ म्हणून एकमेकाले चिडवायचो. मी शिकलो, आन् तरी तेच करून राहिलो.”

माझ्या अनुभवात इथे दार उघडतं. मामाला आपण बदलू शकत नाही, चुलतभावालाही नाही. पण गाडीच्या खिडकीतून जो सगळ्यात जास्त हसत होता तो हाच होता, आणि त्याच्याशी बोलणं शक्य होतं. माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर झाली आहे. त्यांचं एक सूत्र मी रोज वापरते : माणसाच्या कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. ‘मला चांगली नोकरी मिळायला हवी होती’ ही इच्छा झाली, ती असू द्यावी. ‘ती मिळाली नाही म्हणजे मी फुकट गेलो’ हा निकाल आहे, आणि तो कोणत्याही पुराव्याशिवाय दिलेला असतो. इच्छेने वाईट वाटतं, निकालाने माणूस तोंड झाकतो.

मी त्याला विचारलं, “तुझ्या गँगचा मुकादम, तो मेट, कसा माणूस आहे?”

“देवमाणूस. सगळं त्यानंच शिकवलं मले.”

“मग तो फुकट गेलेला माणूस आहे?”

“असं कसं म्हणता मॅडम!” चांगलाच चिडला. तो चिडलेला पाहून मला बरं वाटलं. जो नियम मेटाला लागू नाही तो आपल्याला कसा लागू होतो, हे त्याने घरी जाऊन स्वतःच शोधलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘कोणतंही काम लहान नसतं’ हे वाक्य मी माझ्या खोलीत कधी उच्चारत नाही. ते बहुधा असे लोक बोलतात ज्यांना ते काम कधी करावं लागणार नाही. आपल्याकडे काम लहान ठरलं ते कामामुळे नाही, ते कोण करतं यावरून ठरलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्यांची विभागणी आहे. दीक्षाभूमीच्या शहरात बसून मी कोणाला ‘वाट्याला आलेलं काम गोड मानून घे’ असा सल्ला देऊ शकत नाही. ज्याच्यावर काम जन्माने लादलं गेलं त्याने ते सोडून पुढे जावं, यात मला आनंदच आहे. मी बोलते आहे ती गोष्ट वेगळी आहे. आज जे काम आपण करतो, ते करत असताना आपण स्वतःला कमी लेखायचं की नाही, एवढीच.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या दिवसाकडे येते. त्या दिवशी मी काहीच समजावलं नाही. म्हटलं, “आज तू मला तुझी बीट दाखव. पहाटे निघाल्यापासून सांग. घाई करू नकोस.”

सुरुवातीला तुटक सांगत होता, मग हात हलू लागले. रुळाखाली आडव्या टाकलेल्या स्लीपरला रूळ धरून ठेवणारी जी वाकडी लोखंडी क्लिप असते, तिला हे लोक पेंड्रोल म्हणतात. ती ढिली झाली असेल तर हातोड्याचा आवाज बद्द येतो, घट्ट असेल तर खणखणीत. वेल्डिंगच्या जागी बारीक रेघ दिसली तर वाकून, बोट फिरवून बघायचं. थंडीत रूळ आकसतो, म्हणून पहाटे वेल्डकडे जास्त लक्ष. उन्हाळ्यात उलटं. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी रूळ साठ अंशांच्याही पुढे तापतो. लांबच लांब जोडलेल्या रुळाला पसरायला जागा नसते. बाजूची गिट्टी कमी असली तर तो सापासारखा वाकडा होऊन बाहेर येऊ शकतो. “म्हणून गिट्टी पाहायची मॅडम. लोकाले वाटते नुसते दगड टाकून ठेवले. त्या दगडानंच रूळ धरून ठेवला असते.”

दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे मार्ग आपल्या नागपुरात एकमेकांना छेदतात, तो डायमंड क्रॉसिंग आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. त्या रुळांवरून रोज किती माणसं जातात याचा विचार मी तरी तोवर केला नव्हता.

त्याचं सांगून झालं. मी विचारलं, “मग काल दिवसभरात काय झालं?”

“काल? काहीच नाही झालं.”

“म्हणजे?”

“म्हणजे… सगळ्या गाड्या गेल्या.”

“पुन्हा सांग.”

“काहीच नाही झालं मॅडम. सगळ्या गाड्या गेल्या.” दुसऱ्यांदा म्हणताना वाक्य तेच होतं, पण पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “माझं काम बरोबर झालं तर काहीच होत नाही. मग ते दिसन कसं कोणाले?”

इतकी वर्षं मी ज्या दुःखाचं नाव शोधत होते ते त्याने मला दिलं, असं मी अभिमानाने सांगते. ज्यांना आपण हलकी कामं म्हणतो त्यातली बहुतेक अशीच आहेत. वॉर्ड स्वच्छ राहिला तर काही होत नाही. रात्री वॉचमन जागा राहिला तर काही होत नाही. नळाला पाणी आलं तर वॉल्व्ह फिरवणाऱ्याची कोणाला आठवण येत नाही. चुकलं तरच नाव निघतं. डॉक्टरांना पेशंट बरा झालेला दिसतो, मास्तरांना मुलगा पास झालेला दिसतो. या माणसांच्या कामाचं फळ म्हणजे न घडलेली गोष्ट. बाहेरून शाबासकी येण्याची सोयच नाही. म्हणून ज्याला अशा कामात समाधान हवं त्याने आपल्या कामाचा हिशोब स्वतः ठेवायला हवा.

मी त्याला दहा रुपयांची वही घ्यायला लावली. भावना लिहायच्या नाहीत, विचार लिहायचे नाहीत. आज आपल्या हातून काय नीट झालं, तेवढं एक-दोन ओळींत. पुढच्या वेळी त्याने वही उघडून दाखवली. अक्षर ड्रॉइंगच्या पेपरासारखं सरळ :

‘पुलाच्या अलीकडे तीन क्लिपा निघालेल्या. बसवल्या. एक लायनर सरकला होता, नीट केला.’

‘वळणावर एका वेल्डपाशी रेघ वाटली. पुसून पाहिलं, ग्रीसची होती. तरी मेटाला दाखवलं.’

‘आज काही निघालं नाही. पूर्ण पाहिलं.’

तिसऱ्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. ‘पूर्ण पाहिलं’ हे दोन शब्द त्याच्या वरिष्ठांनी लिहायला सांगितले नव्हते. कोणी बघत नसताना आपण ठरवलेल्या मापाला आपण उतरलो, याची ती नोंद होती. माझ्या मते कामाचा अभिमान याहून वेगळा नसतो.

अमेरिकेत एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन अभ्यासक बाईंनी २००१ मध्ये हॉस्पिटलच्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं आहे. काम सारखंच, पण काहीजण नेमून दिलेलं तेवढं उरकत. काहीजण रुग्णाशी दोन शब्द बोलत, नर्सची वेळ सांभाळून साफसफाई करत आणि आपणही माणसं बरी करण्याच्या कामात आहोत असं मानत. कामाचं समाधान या दुसऱ्यांना मिळत होतं. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की बदल नुसता मनात नव्हता, हातातही होता. हाताने थोडं जास्त केलं की नजर त्यामागून येते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी लोकांना ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगत नाही. उद्या कामावर एक गोष्ट आपल्या मापाने नीट करा, असं सांगते.

अभिमान वाटू लागला म्हणजे मागण्या सोडायच्या, असं कोणी समजू नये. धड बूट, प्यायला पाणी, हक्काची सुट्टी, पुरा पगार हे मागायलाच हवं, आणि स्वतःची किंमत कळलेला माणूस ते जास्त ठामपणे मागतो. झोप उडाली, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं असं दोन आठवडे चाललं असेल तर मात्र तो नोकरीचा प्रश्न उरत नाही. तिथे वहीने भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

आईवडिलांना माझं वेगळं सांगणं आहे. त्याच्या बायोडाटावर वडिलांनी ‘भारतीय रेल्वे, नागपूर’ एवढंच लिहिलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता. पण जे आपणच झाकतो ते लाजेचं असणार, हे मुलाला न बोलता कळतं. मी त्यांना बोलावून घेतलं आणि मुलाला त्यांच्यासमोर बीट सांगायला लावली. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला की साल खरवडून तपासणारा तो माणूस. मुलगा वेल्डिंगची रेघ कशी बघतो ते ऐकताना पुढे सरकून बसला. शेवटी एवढंच म्हणाला, “हे तू घरी कधी सांगितलं नाही बे.”

बायोडाटा बदलला. ‘कीमॅन, रेल्वे’ असं स्वच्छ लिहिलं. कोणी विचारलं तर काय सांगायचं हे आम्ही मिळून ठरवलं, कारण ऐनवेळी शब्द सापडत नाहीत आणि माणूस पुन्हा ‘टेक्निकल’वर येतो. पूर्ण वाक्य हवं, मान वर करून : “मी कीमॅन आहे. रोज रूळ पायी तपासतो.”

उमरेडकडच्या एका घरी त्याने ते तसंच सांगितलं. आठवड्याने मध्यस्थाकडून नकार आला. त्याने मला फोन केला.

“नाही म्हणाले मॅडम. बाबाले लागलं थोडं.”

“आणि तुला?”

“मलेही लागलं. पण खोटं बोलून हो झालं असतं तर रोज भीती राहिली असती ना.”

वाईट वाटलं, पण निकाल लावला नाही. मी याहून जास्त अपेक्षा करत नाही.

मधे एकदा त्याने विचारलं होतं, “मग मी परीक्षा देणं सोडू का?” मुळीच नाही, मी म्हटलं. हातोडा टाकायचा म्हणून अभ्यास करणारा पहिल्या अपयशाला खचतो. कामात रस आला म्हणून पुढे जाणाऱ्याचं तसं होत नाही. आता तो जेईच्या, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरच्या, विभागीय परीक्षेची तयारी करतो आहे. जेई होऊन पहिलं काय करशील, असं मी सहज विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. “आमच्या बीटवर एका जागी पावसाचं पाणी थांबते, गिट्टी खाली बसून जाते. तिथली नाली मोठी करायचं आधी लिहून देईन.”