पायथनमध्ये रेकास्टिंगचा मेझ गेम करतोय (डिप्लोमा प्रोजेक्ट), समोरची सरळ भिंत मधे फुगलेली दिसते. गणित चुकतंय का? की सरळ युनिटी (तयार गेम इंजिन) घेऊ?

युनिटी नको घेऊस. गेम चकाचक दिसेल, पण ओरलला एक्स्टर्नलने विचारलं की ही भिंत स्क्रीनवर आली कशी, तर सांगणार काय? रेकास्टिंगमध्ये खरं थ्रीडी काही नसतंच, नकाशा म्हणजे साधा टूडी ॲरे (आकड्यांचा तक्ता), १ म्हणजे भिंत ० म्हणजे वाट, आणि स्क्रीनच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एक रे (किरण) सोडायचा, तो किती लांब जाऊन आपटला ते मोजायचं आणि त्या हिशोबाने उभी रेघ मारायची, झालं. १९९२ चा वुल्फेन्स्टाइन थ्रीडी हा गेम असाच चालायचा, ६४ बाय ६४ चौकोनांचा नकाशा, भिंती सगळ्या एकाच उंचीच्या आणि काटकोनातल्या, म्हणून तर बिचाऱ्या २८६ वर (तेव्हाचा जुना, संथ प्रोसेसर) पण चालायचा.

आता तुझी फुगलेली भिंत. याला फिशआय म्हणतात आणि पहिल्यांदा करणाऱ्या जवळपास सगळ्यांना तो भेटतोच. समज भिंत समोर ४ चौकोनांवर आहे, स्क्रीनची उंची ४८०, तर मधली रेघ उंची भागिले अंतर, ४८०/४ म्हणजे १२०. व्ह्यू ६० अंशांचा असेल तर कडेचा रे ३० अंश तिरका जातो, त्याच भिंतीला लागायला त्याला ४.६२ चौकोन जावं लागतं, म्हणजे कडेची रेघ १०४ च. मधे १२०, कडेला १०४, फुगणारच ना! म्हणून अंतराला रे आणि प्लेयरच्या दिशेमधल्या कोनाच्या कॉसने गुण. ४.६२ गुणिले ०.८६६, परत ४. एक ओळ आहे फक्त. आणि हो, math.cos ला रेडियन लागतात, डिग्री देऊन बसू नको.

रे पुढे ढकलायला ०.०१ ची स्टेप घेतली असशील तर ती काढ. पायथनमध्ये रडत चालतं आणि कोपऱ्यावर भिंत चुकते ती वेगळीच. डीडीए वापर, म्हणजे ग्रिडच्या एका रेषेवरून थेट पुढच्या रेषेवर उडी: प्लेयर x=२.३ वर असेल आणि रे उजवीकडे जात असेल तर पहिली उभी रेषा ०.७ वर, पुढच्या सगळ्या १-१ वर, यांना रेच्या कोनाच्या कॉसने भागलं की रेवरचं अंतर मिळतं, आडव्या रेषांना तेच साइनने, दोन्हीतली जवळची आधी घ्यायची. भागाकारात शून्य आलं तर तिथे एक अवाढव्य आकडा टाक, नाहीतर प्रोग्राम आडवा होईल.

ग्रिडच्या उभ्या रेषेवर लागलेल्या भिंतीला थोडा गडद रंग दे, टेक्स्चर (भिंतीवरचं चित्र) नसतानाही कोपरे लगेच उठून दिसतात. पायगेम (पायथनची गेम लायब्ररी) स्लो वाटला तर २ पिक्सेल रुंद पट्ट्या मार, रे निम्मे होतात. आणि चालताना x आणि y ची टक्कर वेगवेगळी चेक कर, म्हणजे प्लेयर भिंतीला चिकटून न बसता घसरत पुढे जाईल.