तिकीट स्वतःच्या नावावर काढ

"मावशी, आम्ही तेरा वर्षं सिंगापूरला आहोत. आलो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. पुढे पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना घेतला, त्यात त्याचाही झाला. आता तो सतराचा आहे. कॉलेज संपलं की त्याला दोन वर्षं सक्तीनं सैन्यात जावं लागणार. जूनमध्ये सैन्याच्या मेडिकल तपासणीचं बोलावणं आलं, तेव्हापासून मला झोप नाही. त्याचे चुलतभाऊ तोवर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोचतील आणि हा रायफल घेऊन चिखलात लोळणार! नवरा म्हणतो, करू दे, मर्द होईल. मुलगा काहीच बोलत नाही. मला वाटतं, त्याचा पीआर सोडून द्यावा आणि त्याला पुण्यात कॉलेजला घालावं. राहायचा प्रश्न नाही, मीही त्याच्याबरोबर येईन. कर्वेनगरचा फ्लॅट आहेच, मार्चमध्ये रंग देऊन घेतलाय, गॅसचं कनेक्शनही चालू ठेवलंय. तरुण मुलांवर अशी सक्ती करणं तुम्हाला योग्य वाटतं का?"
– एक आई, सिंगापूर

अगं, रंग मार्चमध्ये लागला आणि मेडिकलचं पत्र जूनमध्ये आलं.

तुझं पत्र तीन पानांचं होतं, वर मी ते आटोपतं घेतलंय. रायफलवर अख्खं पान, चुलतभावांवर अर्धं, आणि फ्लॅटवर जेमतेम दोन ओळी. मी त्या दोन ओळींवरच अडले. मुलाला शिकायला धाडणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्यात. त्या हॉस्टेल शोधतात, मेसची चौकशी करतात, ओळखीपाळखीत कुणी लक्ष ठेवेल का ते बघतात. रंगारी बोलावून भिंतींचे पोपडे खरवडून घेत नाहीत. आणि वर्षाकाठी पंधरा दिवस उघडणाऱ्या घरातला गॅस तेरा वर्षं जपणारी बाई त्या घरात पाहुणी म्हणून येत नसते. तुझं घर आधी तयार झालं, कारण मागाहून सापडलं.

तुला परत यायचंय. हे वाक्य तीन पानांत कुठेही नाही. तिथं तुझा दिवस कसा जातो, तू काय करतेस, कुणाशी बोलतेस, याबद्दलही अक्षर नाही. सगळं पत्र मुलाच्या खांद्यावर.

आता तू विचारलेलं सांगते, कारण उत्तर न देता पुढे गेले तर म्हणशील मावशीनं टाळलं. आपल्याकडे अशी सक्ती मला नको आहे. घटनेच्या 23व्या कलमात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा आहे. धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेद करायचा नाही, एवढी अट. थोडा प्रयोग होऊनही गेला. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली, 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. माझा मोठा भाऊ त्या तडाख्यात सापडला होता. परेडच्या आदल्या रात्री तो ओट्याजवळ बसून पट्ट्याचं बक्कल ब्रासोनं घासायचा आणि कांजी केलेल्या खाकीला स्वतः इस्त्री फिरवायचा. त्याच्या परेडचा देशाला किती उपयोग झाला कोण जाणे, आमच्या आईला झाला. पुढे आयुष्यभर त्यानं आपले कपडे कुणाला इस्त्रीला दिले नाहीत.

पण तुझ्या घरातली सक्ती निराळी. 1965 मध्ये स्वतंत्र झालेला तो एवढासा देश, 1967 मध्ये त्यांनी ही सक्ती सुरू केली, ती आजही चालू आहे. पीआर आईबापांच्या मुलाला सेवा लागते, हे अर्ज भरताना तुम्हाला ठाऊक होतं. सही तुम्ही केलीत. इतकी वर्षं त्या सहीवर राहिलात. आता मुदत भरली म्हटल्यावर तुला सक्ती योग्य की अयोग्य हा प्रश्न पडला, तो जरा उशिरा पडला.

तुझ्या नवऱ्याचं 'करू दे, मर्द होईल' मला मुळीच आवडलं नाही, तेही सांगून ठेवते. पहिल्या पिढीच्या पीआर पुरुषाला ही सेवा लागत नाही. त्यानं केली नाही, करावी लागणारही नाही. दुसऱ्याच्या पाठीवर ओझं देऊन मर्दानगी शिकवायला काय जातंय! पण फुकटचं असलं तरी या खेपेला त्याचं म्हणणं बरोबर आहे.

कारण तू सुचवतेस त्याची किंमत नीट बघ. सेवा न करता पीआर सोडला, की पुढे त्या मुलाला तिथं शिकायचं झालं, नोकरी करायची झाली, पुन्हा पीआर मागायचा झाला, तर सरकार ते त्याच्या विरोधात धरतं. हे त्यांनी उघड सांगितलेलं आहे. तुमच्या रीएंट्री परमिटच्या, म्हणजे देशाबाहेर जाऊनही पीआर टिकवणाऱ्या परवान्याच्या, नूतनीकरणालाही झळ लागू शकते. आणि पीआर न सोडता नुसताच निघून आला तर तो सरळ गुन्हा, 10,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चार वर्षांचा होता तेव्हापासून ज्या गावात तो वाढला, जिथं त्याचे मित्र आहेत, त्या गावाचं दार त्याच्यासाठी किलकिलं होणार. परत तुला यायचंय आणि तुझ्या तिकिटाचे हप्ते तो फेडणार, हे मला मंजूर नाही.

चुलतभावांचं सोड. कोण कितव्या वर्षाला, हे फराळाच्या ताटापुरतं असतं. तिथली एनयूएस, एनटीयू ही विद्यापीठं प्रवेश मिळालेल्या मुलांची जागा सेवा संपेपर्यंत राखून ठेवतात, त्यामुळे त्याचं शिक्षण कुठे पळून जात नाही.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की नवऱ्याला सांग, "मला पुण्याला परत जायचंय." मुलाचं नाव, मेडिकल, रायफल, काही मध्ये आणायचं नाही. "त्याच्यासाठी" हा शब्द तोंडात आला तर पाणी पी आणि पुन्हा पहिल्यापासून म्हण. तो चिडेल, विचारेल इतकी वर्षं का बोलली नाहीस. विचारू दे. त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

पोरगा भरती होईल त्या दिवशी मात्र चांगीहून फेरीबोटीत बस. पुलाऊ टेकोंग या प्रशिक्षणाच्या बेटावर घरच्यांना सोबत नेतात, पोरांचे बंक दाखवतात, त्यांच्या कुकहाउसमध्ये जेवू घालतात. त्याची कॉट कुठली ते बघून ये. पहिले दोनेक आठवडे घरी सोडत नाहीत, मग शनिवार-रविवार येतो, रविवारी रात्री परत 'बुक-इन'. त्याचे घामट कपडे मशीनला लावायचं काम नवऱ्याकडे दे. मर्द करायची हौस त्यालाच आहे ना!

आणि तू एक तिकीट काढ. एकच, स्वतःच्या नावावर. काढण्याआधी तुझ्या रीएंट्री परमिटची तारीख तेवढी बघून घे, म्हणजे पासिंग आउट परेडला जाताना अडायला नको. कर्वेनगरला पोचलीस की आधी गॅसवाल्याला फोन कर. शेगडीची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तुझी तेरा वर्षांची झाली असेल.