मूळ रूप की नवा साज? जुन्या आलिशान गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी जुन्या आलिशान सेडान गाड्यांविषयीची चार पत्रे निवडली आहेत. गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी की आपल्या सोयीने बदलावी, हा पेच चारही पत्रांत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : वडिलांनी १९९६ साली घेतलेली मर्सिडीज ई २२० आमच्याकडे आहे. गाडी एकहाती वापरलेली असून चालूही उत्तम आहे. माझ्या मुलाला तिला अठरा इंची अलॉय व्हील बसवायची आहेत, स्प्रिंगा कापून गाडी खाली करायची आहे आणि डॅशबोर्डवर टचस्क्रीन हवा आहे. ‘एएमजीनेही हेच केले होते’ असे तो म्हणतो. माझा जीव मात्र तुटतो. आपणच निवाडा करावा. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा दाखला खोटा नाही, म्हणून आधी त्याचेच बोलू. हान्स व्हेर्नर आउफ्रेख्त आणि एर्हार्ड मेल्खर यांनी १९६७ साली एएमजी सुरू केली, ती मर्सिडीजच्या गाड्यांमध्ये फेरफार करण्यासाठीच. त्यांनी ३०० एसईएल ६.३ या लांबलचक, जडशीळ सेडानचे इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवले आणि तीच गाडी १९७१ साली बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवून एकूण क्रमवारीत दुसरी आणली. त्या गाडीला ‘बिघडवलेली मर्सिडीज’ म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. जर्मनीत तीस वर्षांपुढील गाड्यांना ऐतिहासिक वाहनाची जी खास नंबर प्लेट मिळते, तिच्या नियमांतही त्या त्या काळाला साजेशा बदलांना जागा आहे. परंतु आउफ्रेख्त आणि मेल्खर यांनी जे केले ते मोजून-मापून केले होते. करवतीने स्प्रिंग कापणे हे त्या परंपरेत बसत नाही.

स्प्रिंगेचे एक वेटोळे कापले की ती आखूड होते, तशी कडकही होते आणि तिचे कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. आपल्या गाडीच्या, म्हणजे डब्ल्यू १२४ मालिकेच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांची जुळणी आहे आणि गाडीचा निम्मा मोठेपणा मला त्या जुळणीतच दिसतो. गाडी बेताल खाली बसली की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात, टायर आतल्या कडेने झिजतात आणि खड्ड्यात गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटते. चिरंजीवांना गाडी किंचित खाली हवीच असेल, तर मर्सिडीजनेच त्याची सोय करून ठेवली आहे. स्प्रिंगेच्या वर बसणारे रबरी पॅड वेगवेगळ्या जाडीचे मिळतात आणि त्यांच्यावर एक ते चार उंचवटे असतात. जितके उंचवटे कमी, तितका पॅड पातळ आणि गाडी तितकी खाली. पॅड बदलायचे आणि जुने खोक्यात जपून ठेवायचे, एवढेच काम आहे.

चाकांचे गणित असे आहे. मूळ टायर १९५/६५ आर १५ या मापाचा असून त्याच्या रबराची उंची सुमारे १२७ मिलिमीटर भरते. अठरा इंची चाकावर २२५/४० चा टायर घातला, तर एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, पण रबर ९० मिलिमीटर उरते. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधील उशी साडेतीन सेंटिमीटरहून अधिक घटली. पुण्यातील पावसाळ्यात याचा अर्थ काय होतो, हे आपण दोघेही जाणता. माझे मत पंधरा इंचाच्या बाजूने आहे. फारच हौस असेल तर सोळा इंचांवर थांबावे, कारण याच मालिकेतील ५०० ई ही गाडी कारखान्यातूनच सोळा इंची चाकांवर येत असे. चाके घेताना बोल्टचे वर्तुळ ११२ मिलिमीटरचे आणि मधले भोक ६६.६ मिलिमीटरचे आहे की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर न सोडता स्वतः मोजून घ्यावे.

टचस्क्रीनसाठी डॅशबोर्ड कापावा लागत असेल, तर माझा स्पष्ट नकार आहे. मूळ रेडिओच्या मागे लपणारा लहानसा ब्लूटूथ रिसीव्हर बसवता येतो आणि फोनवरची गाणी त्याच स्पीकरमधून ऐकू येतात. (मी स्वतः तरुणपणी माझ्या गाडीचा मूळ रेडिओ काढून भंगारवाल्याला दिला होता. त्याची आठवण झाली की आजही चरफडतो.)

एवढ्या वर्षांत मी स्वतःपुरता एक नियम ठरवला आहे. जे काम पान्याने आणि स्क्रू-ड्रायव्हरने होते, ते खुशाल करावे. ज्याला करवत, ड्रिल किंवा वेल्डिंग लागते, त्यापूर्वी महिनाभर थांबावे. पहिल्या प्रकारचा बदल आपल्या नातवाला पूर्ववत करता येतो, दुसऱ्या प्रकारचा येत नाही.

आता एक गोष्ट अशी, की जी मूळ स्वरूपात ठेवू नये. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील या गाड्यांच्या इंजिनावरील वायरिंग हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या जुडग्याचे, आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, वायरी एकमेकींना चिकटतात आणि प्रसंगी इंजिनाचा कंट्रोल युनिट निकामी होतो. आपल्या गाडीचे हार्नेस एकदाही बदललेले नसेल, तर चाकांचे पैसे आधी तिथे घालावेत. नवे हार्नेस चांगल्या आवरणाचे असते, म्हणजे काटेकोर अर्थाने ते ‘मूळ’ नव्हे, पण त्यावाचून गाडी रस्त्यातच उभी राहील. पुण्यात टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) सहकार्याने १९९५ पासून जोडल्या गेलेल्या या पहिल्या भारतीय मर्सिडीज आहेत. त्यांतील एक न कापलेली गाडी आपल्या घरी असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझ्याकडे १९८२ ची मर्सिडीज २४० डी आहे. फिकट हस्तिदंती रंग उन्हाने विटला आहे आणि सीटा साध्या रेक्झिनच्या आहेत. जर्मनीत हा रंग टॅक्सीचा समजला जातो, असे कळल्यापासून मन उतरले आहे. संपूर्ण पत्रा खरवडून काळा रंग द्यावा आणि आत चामडे घालावे, असे पेंटरचे म्हणणे आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला कळले ते खरे आहे. जर्मन टॅक्सींना १९७१ पासून हस्तिदंती रंग ठरवून दिला होता आणि आपल्या गाडीच्या भावंडांनी तिथे टॅक्सी म्हणूनच नाव कमावले. यात मन उतरण्यासारखे काय आहे, हे मात्र मला समजले नाही. त्याआधीच्या पिढीतील एक १९७६ ची २४० डी ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने ४६ लाख किलोमीटर चालवली आणि ती आज मर्सिडीजच्या स्टुटगार्ट येथील संग्रहालयात आहे. एवढ्या प्रवासात तिची इंजिने अनेकदा बदलली गेली, तरीही ती ‘मूळ नाही’ असे कोणी म्हणत नाही. घासून झिजलेला भाग त्याच जातीच्या भागाने बदलणे निराळे आणि धडधाकट भाग हौसेखातर बदलणे निराळे.

रंगाबाबत आधी तपासणी करावी. बॉनेट उघडल्यावर रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक लहान पाटी दिसेल. तिच्यावरील रंगाचा सांकेतिक क्रमांक आणि गाडीचा प्रत्यक्ष रंग जुळतो का, ते पाहावे. त्यानंतर जाडी मोजण्याचे गेज घेऊन फिरावे. कारखान्याचा थर साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. आकडा तीन-चारशेच्या पुढे गेला तर तिथे पुन्हा रंग मारला आहे आणि हजारापुढे गेला तर रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, असे समजावे. बहुतेक भाग शंभर-दीडशेत बसत असेल, तर आपल्या हाती चाळीस वर्षांपूर्वीचा कारखान्याचा रंग आहे आणि तो खरवडणे हा गुन्हाच ठरेल. हलके पॉलिश करावे, जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा आणि चाकांच्या वरच्या कमानी येथील गंज वेळीच काढावा आणि तेवढ्याच भागांना जुळता रंग द्यावा.

रंग बदलण्यात आणखी एक मेख असते, जी पेंटर सहसा सांगत नाही. दारांच्या आतील कडा, डिक्कीची आतली बाजू आणि इंजिनाची खोली हस्तिदंतीच राहते. ती बदलायची तर इंजिन उतरवावे लागते, आणि न बदलली तर दार उघडताक्षणी काळ्या गाडीतून टॅक्सी डोकावते. शिवाय नवा रंग आरसीत नोंदवून घ्यावा लागतो. ‘साधे रेक्झिन’ म्हणून आपण ज्याला नाक मुरडता, ते कृत्रिम चामडे टिकाऊपणासाठी जगभर वाखाणले जाते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर एक रविवार घालवून पाहावा.

प्रश्न : आजोबांची १९६५ ची शेव्हर्ले इम्पाला आमच्या वाड्यात उभी आहे. सत्तरच्या दशकात पेट्रोल परवडेना, म्हणून तिचे व्ही-८ इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले गेले आणि आरसीतही डिझेलचीच नोंद आहे. आता तिला व्हिंटेज गाड्यांची ‘व्हीए’ मालिकेची नंबर प्लेट मिळेल का? पेट्रोल इंजिन पुन्हा बसवावे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडीच व्हिंटेज ठरते. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. म्हणजे वयात आपली इम्पाला बसते, इंजिनावर मात्र अडते. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणाला पाच हजार पडतात. ही प्लेट लावल्यावर गाडी रोजच्या वापरात किंवा व्यवसायासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी, असा नियम आहे. लग्नाच्या वरातींना भाड्याने देण्याचा विचार असेल, तर तो प्लेटीबरोबर जुळणार नाही.

पेट्रोल इंजिनाकडे परतायचे असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि आरटीओची आगाऊ परवानगी या पायऱ्या आधी चढाव्यात, इंजिनाचा शोध नंतर घ्यावा. त्याहीपूर्वी गाडी रॅम्पवर चढवून एक गोष्ट बघावी. डिझेल इंजिन बसवताना चॅसीची आडवी पट्टी कापली होती की नुसते नवे ब्रॅकेट बोल्टने जोडले होते? पट्टी शाबूत असेल तर काम सोपे आहे. कापलेली असेल, तर त्या कामासाठी चॅसीचा अनुभव असलेला कारागीरच हवा.

आता थोडे मनातले. त्या काळी पेट्रोल पिणाऱ्या कितीतरी अमेरिकन गाड्या अशाच डिझेलवर गेल्या. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत पर्किन्स इंजिने बनत होती, सुटे भाग मिळत होते आणि मेकॅनिकांच्या हातांना त्यांची सवय होती. इम्पालाच्या बॉनेटखालून येणारी ती डिझेलची धडधड शुद्धतावाद्यांना खपत नाही, पण तीही आपल्या देशातील मोटारींच्या इतिहासाचा एक भाग आहे. म्हणून पेट्रोल इंजिन बसवले, तरी डिझेल इंजिन, त्याचे ब्रॅकेट आणि त्या वेळची बिले विकू नयेत. आधी त्यांची छायाचित्रे काढावीत आणि सगळे एकत्र जपावे. मूळ व्ही-८ घरच्या कोठारात सापडले तर माझा कौल निःशंकपणे पेट्रोलकडे आहे. तेही तेव्हाच भंगारात गेले असेल, तर दुसऱ्या गाडीचे इंजिन आणण्यापेक्षा मी डिझेलवरच समाधान मानीन.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. माझ्याकडे १९८४ ची जॅग्वार एक्सजे ६, सिरीज ३ आहे. तिच्यात विजेची मोटर बसवण्याचा विचार आहे. — एक वाचक, कॉव्हेंट्री

उत्तर : आपल्याकडे चाळीस वर्षांपुढील गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसेल तरच. इंजिनाचा प्रकारच बदलणे बहुतेक वेळा मोठा बदल ठरते, तेव्हा ती सूट जाईल हे धरून चालावे. गाडीच्या स्वभावाविषयी बोलायचे तर, जॅग्वारचे हे सहा सिलिंडरांचे इंजिन १९४० च्या दशकाच्या अखेरीस जन्मले आणि चार दशके चालले. पिनिनफरीना या इटालियन डिझाइन कंपनीने नव्याने घडवलेल्या छताखाली बसून त्याचा संथ घुमार ऐकणे, हाच या सेडानचा अर्धा आनंद आहे. शांतता हवी असेल, तर ती गाडी तशीही शांतच आहे. तरीही आपला विचार पक्का असेल, तर मोटर आणि बॅटऱ्या मूळ इंजिनाच्या व गिअरबॉक्सच्या बोल्टांवरच टेकतील, बॉडीला कुठेही भोक पडणार नाही, असे कारागिराकडून लेखी घ्यावे. काढलेले इंजिन आपण कुठे ठेवणार, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. ते ठरले की पुन्हा लिहावे.